लाखभर रुपयांत थार कशी तयार करावी?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची थार सीआरडीई आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जायची हौस आहे, पण खर्चाला जेमतेम एक लाख रुपये आहेत. मित्र म्हणतात, आधी गाडी उचलून घे आणि पुढे विंच लाव. गॅरेजवाला स्नॉर्केल सुचवतो. नेमकी सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सुरुवात गाडीच्या खालून करा. बॉनेट, बंपर आणि टपावरचे दिवे नंतर बघू. तुमच्या गाडीला फोर-लो आहे, मागच्या अ‍ॅक्सलला कंपनीनेच दिलेलं लॉकिंग डिफरन्शियल आहे आणि पुढचा चढाईचा कोन ४४ अंशांचा आहे. ताकदीची उणीव नाही. वाट अडते ती पकड सुटल्यामुळे, आणि माणसं अडकतात ती बाहेर निघायची तयारी नसल्यामुळे. पैसा याच दोन ठिकाणी घाला.

त्याआधी मात्र जुनं दुखणं काढा. मेस्त्रीला गाडी रॅम्पवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहा. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पुढचे बॉल जॉइंट, मागच्या पाट्यांचे बुश, सीव्ही जॉइंटचे रबरी बूट, ब्रेकचे लायनर हे सगळं हलवून, दाबून बघा. फाटक्या बुटातून ग्रीस बाहेर आणि चिखल आत गेला, की जॉइंट लवकरच बोलू लागतो.

याच वेळी एक स्वस्त काम करून घ्या. डिफरन्शियलच्या हाउसिंगमधली हवा तापल्यावर बाहेर पडावी, म्हणून त्याला छोटा ब्रीदर असतो. घाट चढून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग प्लग उघडल्यावर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं, आणि त्या तेलावर गाडी चालवत राहिलात तर बेअरिंग जातात. ब्रीदरला तेलाला टिकणारी नळी जोडून तिचं टोक उंच बांधा. खर्च फार नाही, पण डिफ वाचतो.

दुसरा खर्च गाडी बाहेर काढायच्या सामानाचा. पुढे आणि मागे चासीला पक्के बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट, ३.२५ टनी दोन बो-शॅकल, ताण घेऊन लांबणारा कायनेटिक पट्टा, फावडं आणि हातमोजे एवढं पुरे. टो-बॉलला पट्टा अडकवून कधीही ओढू नका. बॉल तुटला की काच फोडून आत येतो, अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. ओढताना बघ्यांना लांब उभं करा.

याच यादीत हवेचा गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर येतो. चिखलात हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली, की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि पकड वाढते. त्या हवेवर वेग मात्र कमी ठेवा, आणि डांबरीवर येण्याआधी हवा पुन्हा भरा.

तिसरा आणि मोठा खर्च टायरांचा. ऑल-टेरेन घ्या. मड-टेरेन लाल चिखलात उजवा ठरतो, पण तुमचे बहुतेक किलोमीटर डांबरीवरच जाणार, आणि ओल्या घाटात ब्रेक मारताना त्याचे मोठे ठोकळे साथ देत नाहीत. माप कंपनीचंच, २३५/७० आर १६ ठेवा. मग चार नवे घेऊन जुन्यांतला सर्वांत चांगला स्टेपनीला ठेवता येतो.

प्रश्न : पण मोठे टायर घातले किंवा टॉर्शन बार कसून पुढची बाजू उचलली, तर कमी पैशांत उंची मिळणार नाही का?

उत्तर : हिशोब मांडून बघा. २३५/७० आर १६ चा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर, २४५/७५ आर १६ चा ७७४. फरक ३९ मिलिमीटरचा, म्हणजे अ‍ॅक्सल उचलला गेला २० मिलिमीटरहूनही कमी. बदल्यात स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवणार, म्हणजे काटा ८० वर असताना गाडी ८४ ने धावणार. शिवाय क्लच आणि ब्रेकवरचा भार वाढतो.

टॉर्शन बार कसायला तर पैसे जवळपास लागतच नाहीत. पण त्यामुळे चाक खाली सोडायची जागा कमी होते, म्हणजे खड्ड्यात ते जमिनीपासून लवकर सुटतं. सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि बूट फाटतात. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, तेव्हा आडव्या उतारावर उलटायची भीती वाढते ती वेगळीच.

प्रश्न : आरटीओची अडचण येईल का?

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. कलम १८२ए प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. मूळ मापाचे टायर, ब्रीदरची नळी आणि डिकीतला पट्टा यांना कोणी हरकत घेत नाही.

तेव्हा लाखाची वाटणी अशी करा : दुरुस्तीला २५ हजार, ओढायच्या सामानाला आणि हवेच्या साधनांना १५, टायरांना ५०, उरलेले १० पहिल्या फेरीनंतर जे मोडेल त्यासाठी. जाताना किमान दुसरी एक गाडी सोबत घ्या, एकट्याने चिखलात उतरू नका. विंच, लिफ्ट आणि स्नॉर्केलवर यंदा एक रुपयाही घालू नका.