राज्याचा राखणदार मलिक अंबर

अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. या शहरापासून काही अंतरावर भातवडी नावाचे गाव आहे. गावाजवळ एक जुना तलाव आहे. १६२४ साली येथे एक मोठी लढाई झाली. ती जिंकणारा सेनापती तेव्हा सुमारे ७५ वर्षांचा होता. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबर मूळचा हबसाणचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास झाला. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवले व अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखानही पूर्वी गुलाम होता. त्याच्याजवळ राहून अंबर राज्यकारभार शिकला. धन्याच्या मृत्यूनंतर तो गुलामीतून सुटला. १५९५ च्या सुमारास निजामशाहीच्या सैन्यात त्याच्या हाताखाली १५० स्वार होते.

१६०० साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. सुलतान कैद झाला. राज्य बुडाले असेच लोकांना वाटले. पण अंबरने धीर सोडला नाही. त्याने पांगलेले सैनिक गोळा केले. परांड्याच्या किल्ल्यात राजघराण्यातील मूर्तझा याला गादीवर बसवले. सगळी सत्ता अंबरच्याच हाती होती, तरी तो स्वतः गादीवर बसला नाही.

मुघलांचे सैन्य मोठे होते. त्यांच्या तोफाही जड होत्या. म्हणून अंबरने गनिमी काव्याचा आधार घेतला. चपळ मराठा स्वार शत्रूवर अचानक छापा घालत, रसद तोडत आणि डोंगरात नाहीसे होत. जहांगीर बादशहाने अंबरच्या मस्तकावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्र काढवून घेतले. पण अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

केवळ तलवारीने राज्य राखता येत नाही, हे अंबर जाणत होता. त्याने जमिनीची प्रतवारी करून पिकाप्रमाणे सारा ठरवला. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने नहर बांधून घरोघरी पाणी पोचवले.

भातवडीला मुघल आणि विजापूर यांच्या फौजा एकत्र येऊन ठाकल्या. अंबरने तलावाचा बांध फोडला. चिखलामुळे शत्रूच्या वाटा बंद झाल्या, छावणीत अन्न मिळेना. मग अंबरने हल्ला केला. शहाजीराजे व त्यांचे बंधू शरीफजी त्याच्या बाजूने लढले. शरीफजींना वीरमरण आले, पण निजामशाही वाचली.

१६२६ साली मलिक अंबर मरण पावला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यामागे दहाच वर्षांत, १६३६ साली, निजामशाही संपली. शत्रूपक्षाचा इतिहासकार मोतमदखान यानेही अंबरच्या युद्धकौशल्याची स्तुती केली आहे. माणूस कोठे जन्मला यापेक्षा त्याने काय केले, हेच शेवटी लोक लक्षात ठेवतात.

शब्दार्थ
राखणदार – रक्षण करणारा
रसद – सैन्याला लागणारे धान्य व सामान
प्रतवारी – चांगले, मध्यम, हलके असे गट पाडणे
सारा – जमिनीवरील कर

स्वाध्याय
१. अंबरने गनिमी काव्याचा आधार का घेतला?
२. तलावाचा बांध फोडल्यामुळे काय झाले?
३. 'केवळ तलवारीने राज्य राखता येत नाही.' हे पाठाच्या आधारे चार-पाच वाक्यांत लिहा.