कापसाची गाठ ‘धोक्याचा माल’ कधी ठरते?

प्रश्न : आमच्या भागातला कापूस जिनिंगमध्ये गाठी बांधून पुढे जातो. जहाजावर कापूस धोक्याच्या मालात धरतात असे ऐकले. कापसात कसला धोका?
— एक वाचक, सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर : कापूस धोक्याचा की नाही, हे त्याच्या अवस्थेवर ठरते. समुद्रमार्गे जाणाऱ्या धोकादायक मालासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची संहिता आहे. ती २००४ पासून बंधनकारक झाली. तिच्यात मालाचे नऊ वर्ग आहेत आणि कापूस चौथ्या वर्गात येतो. कोरडा कापूस ठिणगीने पेटणारा. ओला कापूस आणि तेलकट कापूस-कचरा मात्र आपोआप तापणारा! तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन उष्णता निघते, ती गाठीतच कोंडते आणि आतून आग धुमसू लागते. याउलट कोरडी गाठ घनमीटरला किमान ३६० किलो इतकी घट्ट दाबलेली असेल आणि बंद कंटेनरमधून जात असेल, तर तिला या संहितेतून सूट आहे.

शेजारी काय ठेवले आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठीही चढवल्या होत्या. दुपारी कापूस धुमसू लागला. गाठींच्या आतली आग पाण्याला दाद देईना. चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले; शेकडो माणसे गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

म्हणूनच आज कोणता माल कोणापासून किती दूर ठेवायचा, याचे तक्ते संहितेत आहेत. पाठवणाऱ्याने मालाचे नाव, वर्ग आणि संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक लेखी द्यावा लागतो. कंटेनरवर त्या वर्गाचे चिन्ह लावावे लागते. जहाजावरच्या खलाशाला बंद कंटेनरच्या आतले दिसत नाही. त्याचा जीव या कागदाच्या खरेपणावर अवलंबून असतो.

या साखळीची सुरुवात शेतापासून होते. दव उडाल्यावर वेचणी करा, कापूस सुकवूनच भरा, वजन वाढवायला त्यावर पाणी कधीही मारू नका. जिनिंगमध्ये तेलाने माखलेला कापूस चांगल्या गाठीत मिसळू देऊ नये. एवढी काळजी घेतली, तर गाठ सुखरूप पोहोचेल आणि ती नेणारी माणसेही.