धडधाकट खेळाडूचे हृदय अचानक का थांबते?

प्रश्न : माझा मुलगा नेरूळला फुटबॉल शिकतो. इतका व्यायाम करणारे व्यावसायिक खेळाडू मैदानातच कसे कोसळतात? त्यांचे हृदय तर मजबूत असायला हवे ना?
— एक आई, सीवूड्स

उत्तर : व्यायामाने हृदय मजबूत होते, हे तुमचे म्हणणे खरेच आहे. पण आधी एक गल्लत दूर करू. हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट एक नव्हेत. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. अरेस्टमध्ये ज्या विद्युत संदेशांवर ठोके पडतात तेच विस्कटतात. हृदय नुसते थरथरत राहते, मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो.

तरुण खेळाडूंत यामागे बऱ्याचदा आनुवंशिक किंवा जन्मजात दोष असतो. उदाहरणार्थ, हृदयाचा स्नायू प्रमाणाबाहेर जाड असणे. असा दोष सरावाने जात नाही. उलट जोराच्या धावपळीत ठोके बिघडण्याची शक्यता वाढते. खेळाडूचा दम उत्तम असल्याने कुणाला शंकाही येत नाही. पस्तिशीनंतर मात्र मुख्य कारण तुंबलेल्या वाहिन्याच, हे पाम बीच रोडवर धावणाऱ्या बाबांनी ध्यानात ठेवावे.

मुंबई सिटी संघाचे घरचे सामने एकेकाळी तुमच्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होत. त्या संघाने घेतलेल्या अन्वर अलीच्या हृदयाचा स्नायू जाड असल्याचे 2019 मध्ये तपासणीत कळले. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. फुटबॉल महासंघाने त्याला थांबवले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पुढे वैद्यकीय विचारविनिमयानंतर त्याला परवानगी मिळाली आणि 2022 मध्ये तो एफसी गोवाकडून व भारताकडूनही खेळला. म्हणजे दोष सापडला की खेळ संपलाच असे नाही, पण तो निर्णय हृदयतज्ज्ञांचा. पालकांचा किंवा प्रशिक्षकाचा नव्हे.

इटलीत 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे आणि तिथे असे मृत्यू बरेच घटले. तरीही ईसीजीत सगळेच दोष दिसत नाहीत. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन इटलीतल्याच क्लबकडून खेळत होता. 12 जून 2021 रोजी तो कोपनहेगनच्या मैदानात कोसळला आणि तिथल्या तिथे छाती दाबून व विजेचा झटका देऊन वाचवला गेला.

आपल्याकडे कोसळलेल्याचे हातपाय झटकताना दिसले की फिट आली समजून कांदा किंवा चप्पल हुंगवतात. कृपा करून त्यात वेळ घालवू नका. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर 108 ला फोन करा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाबत राहा. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. झटका देणारे एईडी यंत्र काय करायचे ते स्वतः बोलून सांगते. ते वापरायला डॉक्टर लागत नाही.

कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, किंवा खेळताना मुलाला कधी भोवळ आली असेल, तर आधी हृदयतज्ज्ञांना दाखवा. आणि उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा अकादमीत एवढे जरूर विचारा : एईडी कुठे ठेवले आहे, आणि छाती दाबणे इथे कुणाला येते?