अपटुडेट म्हणजे काय?

एखादा गडी लग्नाला निघतो. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, पायांत नवे बूट. पारावरची मंडळी म्हणतात, "काय पाव्हणं, आज एकदम अपटुडेट!"

हा शब्द इंग्रजीतला. आपल्या तोंडी तो आता चांगला बसला आहे. पण त्याचा अर्थ काय? आपण त्याची फोड करून पाहू. डेट म्हणजे तारीख. अप टु म्हणजे पर्यंत. आजच्या तारखेपर्यंतचे जे असेल, ते अपटुडेट. यालाच आपण 'अद्ययावत' म्हणतो. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत.

आजच्या रीतीचा पोशाख अपटुडेट, हे खरेच. पण माणसाचे कागदही अपटुडेट हवेत.

समजा, वडील वारले. त्याला चार वर्षे झाली. मागे दोन भाऊ आणि एक बहीण. थोरला भाऊ पीककर्जासाठी बँकेत गेला. सातबाऱ्याचा उतारा त्याने कालच काढला होता. साहेबांनी तो वाचला आणि विचारले, "हे खातेदार कुठे आहेत?" भाऊ गप्प झाला. उताऱ्यावर वडिलांचेच नाव होते. कागद ताजा, पण नोंद शिळी! असा उतारा अपटुडेट कसा म्हणायचा?

मग काय करावे? महाराष्ट्रात यासाठी 1966 सालचा जमीन महसूल कायदा आहे. वारसाने जमीन मिळाली, की 3 महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तोंडी कळवले तरी चालते. पण लेखी दिलेले बरे. कळवल्याची लेखी पोच मागून घ्यावी. ती देणे हे त्यांचे काम आहे. सगळ्या वारसांची नावे सांगावीत. बहीण सासरी गेली म्हणून तिचे नाव गाळू नये. तीही वारस आहे. पुढे फेरफार मंजूर झाला, की नवा उतारा काढून स्वतः वाचावा.

बँकेच्या पासबुकाचेही तसेच. आज पैसे भरले, तर आजची नोंद त्यात उतरली का, ते पाहावे.

आता आपल्याला वाचता येते. तेव्हा आज घरी गेल्यावर पेटी उघडा. सातबारा बाहेर काढा आणि नावे मोठ्याने वाचा.

सांगा पाहू :
1. अपटुडेट आणि अद्ययावत या शब्दांचा अर्थ काय?
2. तुमच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत? कोणाचे राहिले आहे?