पक्का जोड

(गाडीचा दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, बटण दाबले तरी इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी दोष कसा शोधावा आणि तारांचा जोड कसा करावा, हे या पाठात सांगितले आहे.)



संध्याकाळच्या वेळी गॅरेजसमोर उभी असलेली रिक्षा तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. तिचा पुढचा दिवा काढलेला असतो. लाल, काळ्या, पिवळ्या तारा बाहेर लोंबत असतात. एक कारागीर खाली बसून त्या तारा एकेक करून तपासत असतो. इतक्या तारांतून नेमकी बिघडलेली जागा त्याला कशी सापडते? तो अंदाजाने शोधतो का? नाही. चांगला कारागीर विजेच्या वाटेने चालत जातो. ती वाट आज आपणही समजून घेऊ.

विजेची वाट

रिक्षा, मोटार अशा गाड्यांत साधारणपणे १२ व्होल्टची बॅटरी असते. तिला दोन टोके असतात, एक धन आणि दुसरे ऋण. प्रवाह धन टोकातून निघतो. फ्यूज, स्विच आणि तार यांतून तो दिव्यापर्यंत जातो आणि पुन्हा ऋण टोकाकडे परत येतो. जाण्याची आणि येण्याची अशी पूर्ण वाट असेल, तरच दिवा लागतो. या पूर्ण वाटेला परिपथ म्हणतात.

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात. गाडीत मात्र बऱ्याच ठिकाणी एकच तार दिसते. मग प्रवाह परत कसा येतो? तो गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत येतो. कारागीर याला ‘बॉडी अर्थ’ किंवा नुसते ‘अर्थ’ म्हणतात. येथे ‘अर्थ’ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, हे लक्षात ठेवा! दोष शोधताना लोक जाणारी तार पाहतात, पण परतीची वाट पाहायला विसरतात. पुष्कळदा दोष तिथेच लपलेला असतो.

दोष कोठे असतो?

समजा, तुमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांच्या रिक्षाचा पुढचा दिवा मंद झाला आहे. चाचा नवा बल्ब आणतात. दिवा मंदच राहतो. कोणी म्हणते, “चाचा, बॅटरी गेली असेल.” चाचा बॅटरी बदलतात. त्यात त्यांची कित्येक दिवसांची कमाई जाते. तरीही दिवा मंदच! शेवटी एक जाणता कारागीर दिव्यामागचा अर्थचा स्क्रू पाहतो. तो गंजलेला असतो. स्क्रू काढून, खालची जागा पॉलिश पेपरने घासून तो पुन्हा घट्ट करतो. दिवा लख्ख लागतो.

असे का झाले? याचे उत्तर तुम्ही विज्ञानात शिकलेल्या ओहमच्या नियमात आहे. जर्मनीतील जॉर्ज ओहम यांनी हा नियम १८२७ साली पुस्तकातून प्रसिद्ध केला. हे शास्त्रज्ञ शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असत. प्रवाहाला रोधाने गुणले की विभवांतर मिळते, असे हा नियम सांगतो.

आता हिशेब करू. गंजलेल्या जोडाचा रोध १ ओहम आहे आणि त्यातून २.५ अँपिअर प्रवाह वाहत आहे. मग जोडातच २.५ व्होल्ट खर्च होतात. बॅटरीच्या १२ व्होल्टपैकी दिव्याला फक्त ९.५ व्होल्ट मिळतात. एवढ्याने तंतूच्या बल्बचा प्रकाश निम्म्याहून कमी होतो. शिवाय जोडात सुमारे ६ वॅट उष्णता निर्माण होते. जोड तापतो, आणखी खराब होतो आणि त्याचा रोध वाढत जातो.

मोटारीच्या स्टार्टरला तर १०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. तेथे जोडाचा रोध केवळ ०.०२ ओहम असला, तरी २ व्होल्ट वाया जातात. म्हणूनच कधी कधी दिवे नीट लागतात, पण किल्ली फिरवली की ‘टक टक’ आवाज येतो आणि इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी बॅटरी बदलण्याआधी तिच्या टोकांवरचे जोड पाहावेत.

दोष कसा शोधावा?

पहिली गोष्ट, आधी विचारा. दोष केव्हापासून आहे? तो सतत असतो की खड्ड्यातून गाडी गेल्यावर दिसतो? पाऊस पडल्यावर दिसतो का? एकच दिवा बंद असेल तर दोष त्याच्या स्वतःच्या वाटेत असतो. सगळेच बंद असेल तर बॅटरी, तिची टोके किंवा मुख्य फ्यूज तपासावा. ब्रेक दाबल्यावर मागचा दुसराच एखादा दिवा मिणमिणत असेल, तर त्या दिव्यांचा अर्थ खराब आहे असे समजावे. नेहमीची वाट बंद झाल्यामुळे प्रवाह दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो.

दुसरी गोष्ट, डोळ्यांनी पाहा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट पूड जमली आहे का? एखादी तार घासून उघडी पडली आहे का? कोठे वेष्टन वितळले आहे का?

तिसरी गोष्ट, फ्यूज पाहा. फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. तोही जळाला तर कोठेतरी तार सांगाड्याला टेकत आहे, हे ओळखा आणि ती जागा शोधा. फ्यूजच्या जागी जाड तार कधीही गुंडाळू नका. फ्यूज स्वतः जळून तारांना वाचवतो. त्याच्या जागी जाड तार घातली, तर तिच्याऐवजी गाडीतल्या तारा तापतात आणि गाडी पेट घेऊ शकते.

चौथी गोष्ट, टेस्टलॅम्प वापरा. टेस्टलॅम्प म्हणजे दोन तारा जोडलेला १२ व्होल्टचा छोटा बल्ब. तो आधी बॅटरीवर लावून पाहा. मग त्याचे एक टोक सांगाड्याच्या स्वच्छ लोखंडाला लावा. स्विच चालू ठेवून दुसरे टोक फ्यूज, स्विच, दिव्याचा होल्डर असे क्रमाने टेकवत जा. जेथपर्यंत बल्ब लागतो तेथपर्यंत वाट चांगली आहे. जेथे तो लागत नाही, त्याच्या अलीकडे दोष आहे. होल्डरपर्यंत वीज पोहोचत असूनही दिवा लागत नसेल, तर बल्ब आणि अर्थ तपासा.

मल्टिमीटर असेल तर आणखी बारीक तपासणी करता येते. दिवा चालू ठेवून मीटरची दोन टोके जोडाच्या दोन बाजूंना लावा. चांगल्या जोडावर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. तेथे एक-दोन व्होल्ट दिसले, तर चोर सापडला!

जोड कसा करावा?

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवा आणि शेवटी जोडा. असे का? धन टोकाचा नट सोडवताना पाना चुकून लोखंडाला टेकू शकतो. ऋण टोक सुटलेले असेल तर वाट तुटलेली असते आणि ठिणगी उडत नाही. बॅटरीजवळ काडी पेटवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो.

नवी तार जुन्या तारेइतकीच जाड आणि अनेक बारीक तांब्याच्या तारांची असावी. टोकाचे वेष्टन सुमारे एक सेंटिमीटर सोला. आतल्या बारीक तारा तुटू देऊ नका आणि वेष्टन दातांनी तर मुळीच सोलू नका. आता वेष्टनासाठी लागणारी स्लीव्ह आधीच तारेवर चढवून ठेवा. जोड झाल्यावर ती चढवता येत नाही! मग टोकाला थिंबल बसवून ते क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा. जोड हाताने ओढून पाहा. तो सुटला तर पुन्हा करा. शेवटी स्लीव्ह जोडावर सरकवून गरम करा, म्हणजे ती आवळून बसते.

दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली, तर काम लवकर होते, पण टिकत नाही. गाडी हादरते, पीळ सैल होतो, टेपखाली पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते. सोल्डर केलेला जोड चांगला असतो, पण त्याच्या कडेला तार ताठ होते आणि हादऱ्याने तुटू शकते. म्हणून तेथे तारेला आधार बांधावा.

अर्थचा जोड करताना खालचा रंग आणि गंज पूर्ण घासून काढा. स्क्रू घट्ट केल्यावर वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा. तार सायलेन्सरपासून आणि धारदार कडांपासून दूर न्या.

एक सूचना मात्र विसरू नका. आजच्या मोटारींत एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असतात. त्यांच्या तारांना टेस्टलॅम्प लावू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारींत शेकडो व्होल्टची बॅटरी असते. तिच्या नारिंगी तारांना हातही लावू नका. ते शिकलेल्या माणसाचेच काम आहे. इतर कामेही मोठ्यांच्या देखरेखीखाली करा.

मित्रांनो, काम संपल्यावर जोड वेष्टनाखाली झाकला जातो. तो पक्का आहे की कच्चा, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते फक्त कारागिराला ठाऊक असते. पण रात्री मागून येणाऱ्या वाहनाला पुढची रिक्षा दिसते, ती तिच्या मागच्या दिव्यामुळे. तो दिवा त्या झाकलेल्या जोडावर अवलंबून असतो आणि आत बसलेली माणसेही त्याच्याच भरवशावर घरी पोहोचतात. म्हणून कोणी पाहत नसले, तरी जोड पक्का करा.

शब्दार्थ

परिपथ – प्रवाहाची पूर्ण वाट
सांगाडा – गाडीचा लोखंडी ढाचा
रोध – प्रवाहाला होणारा अडथळा
वेष्टन – तारेवरचे आवरण
मिणमिणणे – अगदी मंद प्रकाश देणे
पाना – नट सोडवण्याचे अवजार

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गाडीत प्रवाह कशातून परत येतो?
(आ) बॅटरीचे कोणते टोक आधी सोडवावे?

२. कारणे लिहा.
(अ) फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळू नये.
(आ) चाचांच्या रिक्षाचा दिवा नवी बॅटरी बसवूनही मंदच राहिला.

३. ‘दुरुस्ती’, ‘कारागीर’, ‘अवजार’, ‘अंदाज’ हे शब्द उर्दूत कसे म्हणतात ते सांगा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराचे काम पाहा आणि त्यावर आठ ओळी लिहा.