विरोधकाबरोबर हसता आले पाहिजे
(श्रद्धा-शिक्षण : अभ्यासलेख)



गेल्या वर्षी एका घरी आशीर्वाद द्यायला गेलो होतो. प्रार्थना संपली, चहा आला. त्या घरचा इंजिनिअरिंगला शिकणारा मुलगा प्रार्थनेला बसला नव्हता, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "फादर, रागावू नका. देव सर्वसमर्थ असेल, तर माझी सकाळची लोकल वेळेवर का येत नाही?"

मी हसायला हवे होते. पण त्याच्या डॅडींचा चेहरा लाल झाला. "फादरांशी असं बोलतात का?" मुलगा म्हणाला, "बरं, मग खरा प्रश्न विचारतो. ज्याला देव मानायचा त्याने तो घरात मानावा. कायदा, सरकार, शाळा यांत धर्म कशाला?"

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो आहे. तर्कशास्त्राचे जुने शस्त्र बाहेर काढले आणि त्याचा एकेक मुद्दा खोडून टाकला. पंधरा मिनिटांत तो गप्प झाला. डॅडी खूश झाले. मी निघताना पाहिले, तर मुलगा केव्हाच आत निघून गेला होता. त्याचा चहा तसाच कपात होता. वाद मी जिंकलो होतो आणि मुलगा गमावला होता.

त्याचा प्रश्न मात्र चांगला होता. आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत तो आज विचारला जातो. म्हणून या रविवारी आपण त्याचा नीट अभ्यास करू.

१. पवित्र शास्त्र काय सांगते?

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५-१६) सांगतो की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला आपण सदैव तयार असावे. हे वाक्य आपल्याला आवडते. पण प्रेषित पुढे लगेच अट घालतो : उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर होते, अट मी विसरलो.

संत पौल अथेन्सला गेला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७). तो केवळ सभास्थानात बोलला नाही. भर बाजारात, तत्त्वज्ञानी लोकांशी बोलला. आधी त्याने त्यांचे शहर हिंडून पाहिले, त्यांच्याच वेदीचा आणि त्यांच्याच कवींचा आधार घेतला. शेवटी काहींनी त्याची टर उडवली, काही म्हणाले पुन्हा ऐकू आणि मोजक्यांनी विश्वास ठेवला. पौल कोणावर रागावल्याची नोंद नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात (परिच्छेद १९ ते २१) नास्तिकतेचा विचार केला आहे. महासभा नास्तिकता नाकारते. पण ती हेही कबूल करते की, श्रद्धावंतांच्या चुकीच्या शिकवणुकीमुळे व वागण्यामुळे देवाचा चेहरा झाकला जातो आणि नास्तिकतेच्या वाढीत त्यांचाही वाटा असतो. जग नीट घडवण्यासाठी श्रद्धावंत आणि अश्रद्ध यांनी मिळून काम करावे आणि त्यासाठी प्रामाणिक संवाद हवा, असे ती सांगते.

२. एक लठ्ठ, एक काटकुळा

असा संवाद प्रत्यक्षात कसा दिसतो? इंग्लंडमधले एक उदाहरण पाहू. गिल्बर्ट चेस्टरटन (१८७४-१९३६) हा लेखक देहाने प्रचंड, खाण्यापिण्याचा शौकीन आणि पक्का ख्रिस्ती. तो १९२२ साली कॅथोलिक झाला. त्याचा मित्र जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६-१९५०) उंच, काटकुळा, शाकाहारी, दारूला न शिवणारा. तो ख्रिस्ती श्रद्धेचा टीकाकार होता आणि त्याला १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे दोघे जवळजवळ वीस वर्षे वर्तमानपत्रांतून व व्यासपीठांवरून एकमेकांशी भांडले. असे सांगतात की, चेस्टरटन एकदा शॉला म्हणाला, "तुझ्याकडे पाहून वाटते देशात दुष्काळ पडला आहे." शॉने उत्तर दिले, "आणि तुझ्याकडे पाहून कळते तो कोणामुळे पडला."

चेस्टरटनने १९०९ साली शॉवर एक पुस्तकच लिहिले. त्यात मतभेद खूप आहेत, पण माणसाबद्दल तुच्छता नाही. १९२७ साली लंडनमध्ये दोघांचा गाजलेला जाहीर वाद झाला. विषय होता संपत्ती कोणाच्या हाती असावी. शॉ समाजवादी होता. चेस्टरटनचे म्हणणे होते की, जमीन व साधने मूठभर धनिकांच्या किंवा सरकारच्या हाती न राहता शक्य तितक्या कुटुंबांच्या मालकीची असावीत. या विचाराचे मूळ पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात आहे. पण ते समजायला श्रोता कॅथोलिक असण्याची गरज नव्हती.

१९३६ साली चेस्टरटन वारला तेव्हा शॉने त्याच्या विधवा पत्नीला पत्र लिहून पैशांची अडचण असल्यास मदत देऊ केली. वीस वर्षांच्या वादाचा निकाल मला त्या पत्रात दिसतो.

३. दुबळ्यांची बाजू

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळू : कायद्यात धर्म कशाला?

त्या काळी सुप्रजननशास्त्र नावाचा विचार जोरात होता. सुदृढ व हुशार लोकांची संतती वाढवावी, दुबळ्यांची रोखावी, असे तो सांगे. १९१२ साली लंडनमध्ये त्याची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हा विचार दुष्ट माणसांचा होता असे समजू नका. शास्त्रज्ञ, डॉक्टर, सुधारक त्यात होते, खुद्द शॉदेखील त्याचा पुरस्कर्ता होता. १९१३ साली ब्रिटिश संसदेने एक कायदा केला. त्या काळच्या भाषेत 'मंदबुद्धी' ठरवलेल्या माणसांना संस्थांमध्ये डांबून ठेवण्याचा अधिकार त्याने दिला. संसदेत विरोध करणारे अगदी मोजके होते.

चेस्टरटनने या विचाराविरुद्ध लेखणी उचलली. त्याविषयीचे त्याचे पुस्तक १९२२ साली प्रसिद्ध झाले. त्याने मुद्दा मांडला तो असा : मंदबुद्धी कोण हे ठरवणार कोण? व्याख्या इतकी सैल असेल, तर अधिकाऱ्याला नकोसा वाटणारा कोणताही गरीब त्यात बसेल. श्रीमंताच्या विक्षिप्त मुलाला कोणी हात लावणार नाही. त्याने विनोदही सोडला नाही. या विधेयकाला 'मंदबुद्धी विधेयक' म्हणतात, ते त्याचे अचूक वर्णन आहे, असा टोला त्याने हाणला. पुढे झाले तसेच. १९५९ साली नवा कायदा येईपर्यंत हजारो माणसे अशा संस्थांमध्ये राहिली.

पुढची पायरी होती नसबंदी. पोप पायस अकरावे यांनी डिसेंबर १९३० मध्ये 'कास्ती कोन्नुबी' या विश्वपत्रात स्पष्ट सांगितले की, निरपराध माणसाच्या शरीरावर असा घाला घालण्याचा अधिकार सरकारला नाही. जुलै १९३१ मध्ये ब्रिटिश संसदेत नसबंदीचे विधेयक मांडण्याची परवानगी मागण्यात आली. हायसिंथ मॉर्गन या कॅथोलिक डॉक्टर खासदाराने विरोध केला आणि १६७ विरुद्ध ८९ मतांनी ती फेटाळली गेली. ब्रिटनमध्ये असा कायदा कधीच झाला नाही. जर्मनीत मात्र १९३३ साली तो झाला आणि सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी करण्यात आली.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. विरोध करणारे सगळे धार्मिक नव्हते. १९१३ साली संसदेत सर्वांत चिवट झुंज देणारा जोसाया वेजवुड व्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर लढला. तसेच सगळे धर्मगुरू योग्य बाजूला नव्हते. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचे अँग्लिकन डीन इंज हे सुप्रजननाचे समर्थक होते.

हे आपल्यापासून दूरचे नाही. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण त्या वर्षात देशभर लाखो नसबंद्या झाल्या आणि सक्तीचा वरवंटा सर्वांत जास्त फिरला तो गरिबांवर.

म्हणून माझे उत्तर असे : धर्माने सरकार चालवू नये. पण ज्याच्या वतीने कोणी बोलत नाही त्याच्यासाठी श्रद्धावंताने चौकात उभे राहावे, सर्वांना समजेल अशा भाषेत बोलावे आणि त्याच बाजूला उभ्या असलेल्या अश्रद्ध माणसाला भाऊ मानावे. ख्रिस्तसभा सार्वजनिक जीवनात फक्त आपल्या जागा, आपले मान, आपल्या सवलती यांसाठीच बोलत असेल, तर त्या मुलाचा आक्षेप खरा ठरतो.

४. विनोद कशासाठी?

जोसेफ मॅकेब नावाचा एक माजी फ्रान्सिस्कन धर्मगुरू नास्तिक झाला होता. त्याने चेस्टरटनवर आक्षेप घेतला की, हा विनोद करतो, म्हणजे गंभीर नाही. चेस्टरटनचे उत्तर तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगे आहे : विनोदीच्या उलट 'गंभीर' नव्हे, विनोदीच्या उलट 'विनोदी नसलेले' एवढेच. खरी गोष्ट हसत सांगता येते आणि खोटी गोष्ट तोंड पाडूनही सांगता येते.

प्रभू येशूनेही सुईच्या नाकातून उंट नेला आणि स्वतःच्या डोळ्यात मुसळ असताना भावाच्या डोळ्यातले कुसळ शोधणारा माणूस उभा केला. ऐकणारे नक्कीच हसले असतील आणि मग आपला डोळा चोळला असेल. पोप फ्रान्सिस (निधन २०२५) यांनी १४ जून २०२४ रोजी शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावले. प्रेमाच्या माणसाशी आपण थट्टा करतो तशी देवाशीही करता येते, असे त्यांनी सांगितले. योगायोग असा की, १४ जून हा चेस्टरटनचा स्मृतिदिन.

मात्र विनोदालाही पथ्य आहे. चेस्टरटनने ज्यू लोकांविषयी लिहिलेल्या काही गोष्टी बोचऱ्या व अन्यायकारक होत्या. २०१९ साली त्याच्या संतपदाची प्रक्रिया सुरू न करण्याचा निर्णय नॉर्थॅम्प्टनच्या बिशपांनी घेतला, त्यामागे हेही एक कारण होते. बलवानावर किंवा स्वतःवर हसणारा विनोद हवा बाहेर काढतो. दुबळ्यावर हसणारा विनोद जखम करतो.

५. घरी नेण्यासाठी

विचारासाठी तीन प्रश्न देतो. घरी जेवताना बोला.

१) आपल्या घरातील न मानणाऱ्याचा प्रश्न मी शेवटचा केव्हा पूर्ण ऐकला?
२) माझ्या श्रद्धेमुळे कोणत्या दुबळ्या माणसाची बाजू मी उघडपणे घेतली?
३) माझ्या श्रद्धेवर विनोद झाला तर मी देवासाठी रागावतो की स्वतःसाठी?

परवा मी त्या घरी पुन्हा गेलो. मुलाला म्हणालो, "अरे, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. देवाने लोकल माणसांच्या हाती सोपवली आहे. तिथेच सगळा घोटाळा आहे." तो हसला. मग म्हणालो, "त्या दिवशी मी तुझं ऐकलं नाही. चुकलं माझं." डॅडी जमिनीकडे पाहत होते.

तो अजून मिस्साला येत नाही. पण त्या दिवशी चहा त्यानेच आणला आणि दोन तास समोर बसून मनसोक्त भांडला. त्याच्यासाठी प्रार्थना करा. माझ्यासाठीही करा.

आपला,
धर्मगुरू