दारू सोडताना हात का थरथरतात?

वर्षावास जवळ आला की मानोऱ्याच्या आसपास कितीतरी घरांत एक निश्चय होतो : आषाढी पौर्णिमेपासून दारू बंद. रोज पंचशील म्हणून संध्याकाळी गुत्त्यावर जाण्याची ज्याला लाज वाटते, तो मनापासून शपथ घेतो. दुसऱ्या सकाळी त्याचे हात कापतात, दरदरून घाम फुटतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, नाटकं करतो. ही नाटकं नव्हेत, हे आम्हाला सांगायचे आहे.

मेंदूला मोटारसायकलसारखा ब्रेकही आहे आणि रेसही. शांत करणारे रसायन गाबा, चेतवणारे ग्लुटामेट. दारू ब्रेक दाबते आणि रेस कमी करते, म्हणून प्यायल्यावर सैल वाटते. पण रोजच कोणी बाहेरून ब्रेक दाबू लागले, तर मेंदू आपला ब्रेक ढिला करतो आणि रेस वाढवून ठेवतो. मग पूर्वी एका क्वार्टरमध्ये चढायची, तिथे दोन लागतात. 'कितीही पिऊ दे, डोलत नाही' असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. खरे तर ती आजाराची खूण आहे.

शिवाय डोपामिन नावाचे रसायन मेंदूला शिकवते की सुख इथे आहे. सोयाबीनचा चुकारा हातात पडला, गुत्त्याचा रस्ता दिसला, की तलफ उठते. कपाळामागचा, सारासार विचार करणारा भाग दुबळा पडत जातो. पुढे माणूस मजेसाठी पीत नाही, हात स्थिर राहावेत म्हणून सकाळीच पितो.

अशाने एकदम सोडली तर बाहेरचा ब्रेक निघतो आणि वाढलेली रेस तशीच राहते. काही तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. सगळ्यांनाच असे होत नाही, पण ज्याला होते त्याचा जीव जाऊ शकतो. 'बाहेरचे लागले' म्हणत मांत्रिकाकडे नेण्यात किंवा खोलीत कोंडण्यात मोलाचे तास जातात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळण्यासाठी दवाखान्यात जाऊ नये, असे तीत कुठेही नाही! डॉक्टर काही दिवस मेंदू शांत ठेवणारी औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात. जोडीला बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दारूने ते घटते आणि स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.

रोज भरपूर पिणाऱ्याने सोडण्याच्या आधीच ग्रामीण रुग्णालयात किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांकही आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी न लपवता सांगाव्यात : रोज किती पीत होता, शेवटचा घोट कधी घेतला, आणि पूर्वी सोडताना फिट आली होती का. पेशंट सांगत नसेल तर बायकोने सांगावे. तिला बहुधा अचूक माहीत असते.